पोत्याची गादी

उर्वशीचा सगळ्यात मोठा वैरी तिच्याच घरात राहत होता, तिच्याच ताटातला पापड पळवत होता आणि वयानं होता नऊ वर्षांचा. पोचू. सख्खा धाकटा भाऊ. सोमवारी शाळेतून आल्या आल्या, दप्तर खाली ठेवायच्या आधीच, त्यानं अंगणातून बातमी फोडली.

"आई, ऐकलं काय वं? उर्वशी आता आमच्या वर्गात येऊन राह्यली. चौथीत!"

"चूप बस बे," उर्वशी दात ओठ खात म्हणाली.

"काऊन चूप बसू? मी तं बाकावर खडूनं रेघ मारून ठेवली. अर्धा तुहा, अर्धा माहा. पण एक गोष्ट हाय. चौथीत मी जुना हावो, तू नवी. तुले मले दादा म्हणा लागंल."

उर्वशी सातवीत होती. तिनं पायातली चप्पल काढेपर्यंत 'दादा' कुंपणापलीकडे पोचला होता.

बातमी मात्र खोटी नव्हती. गुरुवारी बेलघाट्याच्या शाळेत तपासणीचे साहेब येणार होते. त्यांच्याकडे मागे पडलेल्या पोरांची एक यादी होती आणि सातवीच्या रकान्यात तीन नावं लाल शाईत होती: अजय, पुनम आणि उर्वशी. साहेब तिघांना फळ्यावर एकेक गणित घालणार. जमलं तर नाव खोडणार. नाही जमलं, तर शुक्रवारपासून रोज दुपारी चौथीच्या वर्गात बसायचं आणि पाया पक्का करायचा. पाया पक्का करायला उर्वशीची ना नव्हती हो. पण पोचूच्या बाकावर? खडूच्या रेघेच्या अलीकडे?

आता खरं सांगायचं तर उर्वशीला गणित येत नव्हतं असं नाही. वहीत तिची दहापैकी आठ बरोबर यायची. पण ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली की पाठीवर पन्नास डोळे टेकायचे. वर्गात पोरंच सव्वीस. मग डोक्यातलं उत्तर कोंबडीसारखं फडफड करून उडून जायचं आणि हातात नुसता खडू उरायचा. आधीच्या गुरुजींनी तिला पाचवीत एकदा "मठ्ठ" म्हटलं, सहावीत रोज म्हटलं. दोन वर्षं ऐकून ऐकून तिलाही ते आपलं आडनावच वाटायला लागलं होतं. आणि साहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं: "वहीचं काय घेऊन बसलात? शेजारणीचं पाहून कोणीही लिहितं. फळ्यावर दाखवा."

जूनमध्ये आधीचे गुरुजी बदलून गेले आणि गुणवंतराव सर आले. माणूस पन्नाशीचा, पोट थोडं सुटलेलं, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. पाच कोसांत कुठं कीर्तन असलं की हे गृहस्थ टाळ घेऊन बुवांच्या मागे उभे. त्यांच्या फटफटीच्या डिकीत पंक्चरचं सामान नसेल, पण टाळ असायचे.

पहिल्याच आठवड्यात अजय फळ्यापाशी अडकला आणि वर्ग खदाखदा हसला. सरांनी छडी शोधली नाही. खुर्चीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोरांनो, कीर्तन ऐकलं काय कधी?"

"हो सर," दहा-बारा जण म्हणाले.

"बुवा रंगात येतात. कथा सांगता सांगता मधीच अडकतात. पुढचं सुचतच नाई. मंग मागचे टाळकरी काय करतात? हासतात?"

"नाई सर."

"ध्रुपद उचलतात! असं जोरात उचलतात का मंडप हालते. बुवा डोळे मिटते, उपरण्यानं घाम पुसते, तेवढ्यात गेलेलं परत येते. अन् लोकाईले वाटते, वा, बुवा काय रंगले! अडकले हे कोणाले समजतच नाई. अजून एक. नारदाच्या गादीवर जो उभा, त्याच्या पाया लहानमोठे सगळे पडतात. मंग तो काल मिसरूड फुटलेला पोरगा का असंना. पाया त्या गादीच्या पडायचं असते."

दुसऱ्या दिवशी सरांनी खिचडीच्या तांदळाचं एक रिकामं पोतं धुऊन आणलं आणि फळ्यापुढे अंथरलं. छापील अक्षरं खाली, कोरी बाजू वर. ही गादी. हिच्यावर जो उभा राहील त्याला सगळ्यांनी नमस्कार करायचा, सरांनीसुद्धा. तो अडकला की वर्गानं ध्रुपद उचलायचं. उत्तर बरोबर आलं की कपाळाला बुक्का म्हणून खडूची भुकटी आणि गळ्यात कुंपणावरच्या फुलांची माळ.

"पण सर, ध्रुपद कोणतं?" पुनमनं विचारलं.

त्यावर दोन दिवस भांडण चाललं. शेवटी रोज अहेरीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोरांनी स्वतःच एक जोडलं. ती गाडी कधीच वेळेवर येत नसे, पण विचारावं त्याला फाट्यावरचा पानवाला एकच उत्तर द्यायचा. तेच घेतलं:

येऊन राह्यलं गा, येऊन राह्यलं,
वाटेवरच हाय!

जलालुद्दीन शिंप्याचा जिशान म्हणजे वर्गातला अव्वल नंबरचा वात्रट. तो म्हणाला, "सर, आमच्या उरुसात कव्वालीवाले बी असंच करते. मेन गानेवाला दम घेते, अन् मागचे टाळ्या पिटून उचलून धरते."

"मंग तं तू जाणकारच झाला," सर म्हणाले. "तू टाळ्या सांभाळ."

जाणकारानं आठवड्याभरात गादीची पार वाट लावली. पाढे पाठ असूनही मुद्दाम अडकायचा. वर्ग ध्रुपद उचलायचा आणि हा डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, घंटा होईपर्यंत डोलायचा. एकदा तर त्याच्या बापानं शिवलेला नवा शर्ट दाखवायला गादीवर गेला, बाराचा पाढा बारा बाराला सोडला आणि सरांना म्हणाला, "सर, पाया पडाचं राह्यलं ना." सर वाकले आणि नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका अन्नपूर्णा बाई दारातून डोकावल्या. पन्नाशीचा शिक्षक, शिंप्याच्या पोराच्या पायाशी! बाईंच्या हातातलं हजेरीपुस्तक खाली पडलं.

"गुणवंतराव, हे काय चाललं आहे?"

"बारा बारा चव्वेचाळाशे, बाई," सर वाकल्या वाकल्या म्हणाले. "म्हणजे एकशे चव्वेचाळीस. येऊनच राह्यलं होतं."

पण गंमत अशी की पोरं फळ्याकडे पळायला लागली. अडकायची भीतीच राहिली नाही, तर अडकायचं कशाला? अजय दिवाळीपर्यंत अपूर्णांकांत येऊन पोचला. पुनम सहा वेळा अडकायची, सातव्यांदा सुटायची, पण सुटायची.

गादीवर गेली नाही ती एकटी उर्वशी. तिनं आपली जागा पहिल्याच दिवशी पकडली होती: ध्रुपद उचलणारी. डब्याची दोन स्टीलची झाकणं हाच तिचा टाळ. आवाज खणखणीत आणि नजर त्याहून तेज. कोण अडकणार हे अडकणाऱ्याच्या आधी तिला कळायचं. माणूस अडकायच्या आधी त्याच्या कानाची पाळी लाल होते, हा तिचा शोध. पाळी लाल झाली की झाकणं खण् करून वाजलीच. तिच्यामागून वर्ग. सरांनी चार महिन्यांत तिला एकदाही "चल, ऊठ" म्हटलं नाही. टाळकऱ्याची किंमत टाळकऱ्याला ठाऊक.

पण बुधवारी, शाळा सुटल्यावर, त्यांनी तिला थांबवलं.

"उद्या जावं लागंल माय."

"सर, मी अडकली तं?"

"ध्रुपद हाय ना."

"ते तं मीच उचलतो!" उर्वशीनं दप्तरातली झाकणं काढून दाखवली. "मी समोर राह्यली तं उचलंल कोण?"

सरांनी डिकीचं झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग हळूच हसले. "तीस वर्षं झाली, मीही हेच म्हणून मागंच उभा हावो. एका गावात बुवा आले नाई तं लोक म्हणत, गुणवंतराव, तुम्हीच उभे राहा. मी पोट दुखते म्हणून पळून आलो."

"खरंच दुखत होतं?"

"कायचं दुखते! भजी खाल्ली वापस येऊन." "माये, टाळकऱ्याले वाटते, समद्यायले मीच सांभाळून राह्यलो. पण समोर लोक मांडीवर हात मारून ताल धरून बसले असतात. ते आपल्याले दिसत नाईत, कारण आपण बुवाच्या पाठीकडंच पाहत राहतो."

उर्वशीला हे अर्धंच समजलं. घरी पोचूनं तिच्यासाठी बाकावर नावसुद्धा कोरून ठेवल्याचं सांगितलं आणि उरलेलं अर्धं डोक्यातून गेलं.

गुरुवारी सकाळी अन्नपूर्णा बाईंनी फर्मान काढलं. "साहेब असेपर्यंत गाणं नाही. टाळ्या नाहीत. एकमेकांच्या पाया पडणं तर अजिबात नाही. आणि ते पोतं मला दिसता कामा नये."

सरांनी पोतं गुंडाळून कपाटावर टाकलं. उर्वशीची झाकणं मात्र डब्यावर होती आणि डबा दप्तरात होता. डब्यावर झाकण ठेवू नको असं काही बाई म्हणाल्या नव्हत्या.

साडेदहाला बाई परत आल्या तर त्यांचं लक्ष फळ्यापुढच्या फरशीवर गेलं. नेमकी तिथली फरशी उखडलेली. रोज पोत्याखाली झाकलेली असायची, आज उघडी पडलेली. "अगं बाई! साहेब अडखळले म्हणजे? काही तरी अंथरा पटकन!" म्हणत त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कपाटावर हात घातला आणि हाताला लागलं ते ओढून, दोनदा झटकून, स्वतःच्या हातानं फरशीवर अंथरलं. छापील अक्षरं खाली, कोरी बाजू वर.

वर्गात सव्वीस श्वास अडकले. सर खिडकीबाहेरच्या सागाकडे टक लावून पाहू लागले, जणू त्याला आजच पानं फुटली होती.

"चांगलं दिसतं ना?" बाईंनी विचारलं.

"लय भारी, बाई," जिशान गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "जागच्या जागीच बसलं."

साहेब आले. उंच, जाड, हातात फाईल. चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही आणि सरळ यादी काढली. "अजय कोण?"

अजय गादीवर गेला. सवयीनं बाकी पंचवीसही पोरांची मान वाकायला लागली होती, ती बाईंच्या डोळ्यांकडे पाहून मध्येच थिजली. साहेबांनी गणित दिलं: दोन पूर्णांक एक तृतीयांश अधिक एक पूर्णांक तीन चतुर्थांश. अजयनं पहिली ओळ लिहिली. दुसरीच्या मध्यावर त्याच्या कानाची पाळी लाल झाली. उर्वशीचे हात दप्तरात शिरले. बाईंचे डोळे तिच्यावर. हात बाहेर आले. शांतता. एवढी शांतता त्या खोलीत जूनपासून कधी झाली नव्हती. अजयनं मागं वळून पाहिलं, रोजच्यासारखं काही तरी येईल म्हणून, आणि काहीच आलं नाही तेव्हा त्यानं खडू खाली ठेवला.

"हं," साहेब म्हणाले आणि नावापुढे फुली मारली. उर्वशीला ती फुली आपल्याच पाठीवर मारल्यासारखी वाटली.

"इतकं सोपं आहे. मी दाखवतो," म्हणत साहेब उठले, अजयचं पुसलं आणि गादीवर उभे राहिले.

एकमेकांच्या पाया पडू नका, असं बाई म्हणाल्या होत्या. साहेबांच्या पडू नका, असं कुठं म्हणाल्या होत्या? जिशान उठला, पुढं गेला, वाकला. त्याच्यामागे नाहीद, तिच्यामागे पुनम. पाहता पाहता सव्वीस पोरांची रांग लागली. साहेब आधी दचकले, मग फुलले. "अरे वा! संस्कार आहेत हो बाई तुमच्या शाळेत!" बाई पदराचं टोक पिळत हसल्या.

साहेब लिहू लागले. सात तृतीयांश. सात चतुर्थांश. छेद बारा. सात चोक चोवीस… पंचेचाळीस बारांश, म्हणजे तीन पूर्णांक तीन चतुर्थांश. उत्तराखाली रेघ मारून ऐटीत वळले आणि हातातल्या कागदावरचं उत्तर पाहिलं. चार पूर्णांक एक बारांश. परत फळा पाहिला. परत कागद. चष्मा वर केला, खाली केला. तिसऱ्या बाकावर पोरांच्या वह्यांत चार पूर्णांक एक बारांश कधीचं येऊन बसलं होतं, पण बोलणार कोण?

उर्वशीला दिसली ती एकच गोष्ट. साहेबांच्या उजव्या कानाची पाळी. लालभडक.

मग जे झालं ते तिनं केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. हातांनी केलं. झाकणं बाहेर आली, खण् झालं आणि तिचा तो खणखणीत आवाज:

"येऊन राह्यलं गा, येऊन राह्यलं…"

"वाटेवरच हाय!" वर्ग तुटून पडला. अजय सगळ्यात मोठ्यानं.

अन्नपूर्णा बाईंनी भिंत धरली. साहेब आ वासून उभे. ओरडावं तर आवाज चालू. पोरांच्या चेहऱ्यावर तर कुचेष्टेचा लवलेश नाही. कोणी हसत नव्हतं. सगळी त्यांच्याकडे अशी पाहत होती, जशी आपल्या माणसाच्या गाडीची वाट पाहावी. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. फळ्याकडे वळले. आणि एकदम, "अरे! सात चोक अठ्ठावीस!" म्हणून चोवीसवर हात फिरवला. एकोणपन्नास बारांश. चार पूर्णांक एक बारांश.

झाकणं थांबली. नाहीद पुढे झाली आणि कोणी अडवायच्या आत तिनं साहेबांच्या कपाळाला खडूची भुकटी लावली.

"हे कोणी सुरू केलं?" साहेबांनी विचारलं. आवाज कडक होता, पण कपाळावर पांढरा ठिपका घेऊन कडक होणं फार अवघड असतं.

उर्वशी उभी राहिली. नाव सांगितलं. साहेबांनी यादी पाहिली. "तिसरं नाव. ये मग. साडेतीन वजा एक पूर्णांक दोन तृतीयांश."

ती गादीवर गेली. झाकणं बाकावर राहिली. लिहिलं: सात द्वितीयांश वजा पाच तृतीयांश. आणि पाठीवर पन्नास डोळे टेकले. साहेबांचे दोन जास्तीचे. छेद सारखा करायचा. दोन आणि तीन. दोन आणि तीन. कोंबडी फडफडली. आपल्याच कानाची पाळी तापलेली तिला कळली. मागं शांतता. कोण उचलणार? उचलणारी तर इथंच उभी.

ठक्.

कोणी तरी डस्टर टेबलावर आपटलं. ठक्. ठक्. "येऊन राह्यलं," एक घोगरा, बेसूर, दफ्तरी आवाज म्हणाला. साहेब! पोरांनी ताबडतोब टाळ्या धरल्या. पण साहेबांना तालाचं अंगच नव्हतं. पोरं दर दोनाला टाळी देत होती आणि साहेबांचं डस्टर दर तिसऱ्याला पडत होतं. भलत्याच जागी ठक्, भलत्याच जागी टाळी. उर्वशीच्या अंगावर काटा आला. चार महिने टाळ सांभाळलेली पोर ती. असला धिंगाणा तिला ऐकवेना. भीतीबिती कुठल्या कुठं गेली आणि तिची जागा शुद्ध रागानं घेतली. ती पायानं मोजायला लागली. एक दोन, एक दोन. हे कुठं जुळते तरी का? तीनाले नाई. चाराले नाई. पाचाले नाई. सहाले… हं, सहाले दोघंही एकत्र पडले. परत बिघडलं. परत सहाले जुळलं.

दोन आणि तीन. सहाले जुळते.

खडू चालायला लागला. एकवीस षष्ठांश वजा दहा षष्ठांश. अकरा षष्ठांश. एक पूर्णांक पाच षष्ठांश. आणि खडू खाली ठेवता ठेवता, इतका वेळ कोंडलेलं तिच्या तोंडातून निघालंच:

"साहेब, ताल चुकून राह्यला तुमचा!"

सरांनी हजेरीपुस्तक तोंडापुढे धरलं. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. साहेबांनी कागद पाहिला, फळा पाहिला. "ताल चुकला," ते सावकाश म्हणाले, "उत्तर नाही चुकलं."

माळ तयारच होती. माळ घातली. भुकटी लागली. पोरं उठली, वाकली. सर वाकले. अन्नपूर्णा बाई जरा इकडं तिकडं पाहून वाकल्या. उरले साहेब.

"साहेब," जिशान अगदी अदबीनं म्हणाला, "राह्यलं ना. गादीचा नियम हाय."

साहेबांची पँट घट्ट होती आणि पोट आडवं येत होतं, तरी ते वाकले. उर्वशीनं "नको नको" म्हणत पाय मागं घेतले, पण गादीवरून उतरली नाही.

अजयला पुन्हा बोलावलं. एकदा अडकला, सुटला. पुनम चार वेळा अडकली. चौथ्यांदा साहेबांचं डस्टर बरोबर तालावर पडलं. जाताना त्यांनी यादी घडी करून खिशात घातली आणि बाईंना म्हणाले, "चौथीत कोणाला पाठवू नका. वर काय कळवायचं ते मी पाहतो." कपाळावरची भुकटी पुसायची राहिली, हे त्यांना कोणीच सांगितलं नाही.

संध्याकाळी अंगणात पोचू तोंड पाडून बसला होता. बाकाचा अर्धा भाग, कोरलेलं नाव, सगळं वाया गेलं. उर्वशीनं घरातलं एक पोतं आणलं, त्याच्यापुढं अंथरलं आणि म्हणाली, "चल दादा. तेराचा पाढा."

"मी नाई जात."

"पाया पडतो ना तुह्या." आणि पडलीसुद्धा.

पाया पडल्यावर कोण नाही म्हणणार? पोचू छाती काढून उभा राहिला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेरा पाचा पासष्ट इथवर घोडा दौडत आला. "तेरा सख…" म्हणाला आणि कानाची पाळी लाल झाली. त्यानं बहिणीकडं पाहिलं.

उर्वशीच्या हातात झाकणं होती. ती उचलणारच होती. अडकलेल्याला लटकवून ठेवणं गादीला मान्य नाही. पण बाकावरची ती खडूची रेघ तिला आठवली. तिनं एक श्वास घेतला. सावकाश सोडला. दुसरा घेतला. पोचूची दुसरी पाळीही लाल झालेली नीट पाहून घेतली.

मग खण्.